थारला सॉलिड अ‍ॅक्सल टाकू का?

पत्र चोपडा तालुक्यातून आलं आहे. लिहिणारे छत्तीस वर्षांचे शेतकरी, केळी आणि कापूस करणारे. नाव-गाव छापू नका म्हणतात, म्हणून इथे नाव फक्त गाडीचं: 2014 ची थार सीआरडीई, सेकंड हँड घेतलेली. रविवारी सात-आठ मित्र मिळून अनेरच्या पात्रात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यांत गाड्या घालतात. बाकीच्यांकडे जुन्या एमएम 540 आणि दोन जिप्सी. यांच्या थारला पुढे टॉर्शन बारवालं इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होतं आणि स्प्रिंगचं काम पिळला जाणारा लोखंडी बार करतो. गाडी घेतल्या घेतल्या बार पिळून ती पुढून दोन इंच उचलून घेतली. त्यानंतर पुढच्या डाव्या अ‍ॅक्सलचा बूट (सांध्यावरचं रबरी आवरण) दोनदा फाटला. गेल्या पावसाळ्यानंतर पात्रातल्या गोट्यांत सीव्ही जॉइंटच (चाकाकडे जोर नेणारा तो सांधा) तुटला, गाडी ओढून आणावी लागली. मित्र म्हणतात, "तुझी थार म्हणजे नटलेली बोलेरो. पुढे सॉलिड अ‍ॅक्सल टाक, मग जीप होईल." सॉलिड अ‍ॅक्सल म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एक सलग दांडा. एका वर्कशॉपने जुन्या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल बसवून द्यायचे 2 लाख 80 हजार सांगितले, मुदत तीन आठवडे. केळीचे पैसे हातात आहेत. पण घरात चारचाकी एवढी एकच, आणि वडिलांना दर पंधरा दिवसांनी जळगावला दवाखान्यात न्यावं लागतं. वडिलांचं मत एका ओळीचं: "चालस ना गाडी? मंग खोलस कशाले?" पत्राचा शेवट असा: "भाऊ, करू की नको, एवढंच सांगा."

भाऊ,

एवढंच सांगायचं असतं तर पोस्टकार्ड पुरलं असतं. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मी तीनदा वाचली, तिथूनच सुरुवात करतो. बूट फाटला तो डावा, दुसऱ्यांदाही डावा, आणि सीव्ही तुटला तोही डावाच. तिन्ही वेळा गाडी उचलून घेतल्यानंतर. उचलण्याआधी, म्हणजे आधीच्या मालकाकडे, काय तुटलं होतं ते पत्रात नाही. काहीच तुटलं नसावं, असा माझा अंदाज.

टॉर्शन बार पिळला की गाडी वर येते, हे खरं. पण सस्पेन्शनची एकूण चाल तेवढीच राहते. आधी चाक वर जायला थोडी जागा होती आणि खाली लोंबायला थोडी. आता गाडी उभीच राहते ती खालच्या टोकाजवळ. त्यामुळे खड्ड्यावर चाक खाली जात नाही, हवेत राहतं. तुम्हाला वाटतं आयएफएसचं (पुढच्या इंडिपेंडंट सस्पेन्शनचं) चाक लोंबत नाही. अहो, तुम्हीच ती चाल आधी खर्चून बसलात. आणि अ‍ॅक्सल शाफ्ट जो जवळजवळ सरळ फिरायला हवा, तो कायम तिरका फिरतो. सीव्ही जॉइंट तिरका चालतो, त्यासाठीच असतो. पण कोन जितका मोठा तितकी त्याची ताकद कमी, आणि रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासत राहतात. त्यात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोट्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की तुटण्याची वेळ तुम्हीच ठरवली म्हणायची. पुढच्या टायरची एकच कड, आतली किंवा बाहेरची, जास्त झिजली आहे का, तेही बघा. झिजली असेल तर उचलल्यावर अलाइनमेंट कोणी केलेलं नसावं.

म्हणून पहिलं काम फुकटचं. सपाट ओट्यावर गाडी उभी करा, टेप घ्या, हबच्या मध्यापासून वर चिखलपंख्याच्या कडेपर्यंत मोजा, दोन्ही बाजू. डावी आणि उजवी यांत फरक निघाला तर डावाच का तुटतो याचं अर्धं उत्तर मिळालं. मग जॅकने पुढून चेसिस उचला आणि चाक जमीन सोडेपर्यंत किती खाली आलं ते मोजा. दोन बोटंसुद्धा आलं नाही, तर गाडी एक-सव्वा इंच परत खाली सोडा, अलाइनमेंट करा, दोन्ही बूट चांगल्या प्रतीचे टाका आणि तीन-चार रविवार तशी चालवा. दोनशेऐंशी हजारांच्या प्रश्नाला दोन-चार हजारांत उत्तर मिळतंय का, ते आधी बघू.

आता मित्रांच्या टोमण्याकडे येतो, कारण तुमच्या पत्रात तुटलेल्या सीव्हीपेक्षा तोच जास्त ठसठसतोय असं मला दिसलं.

"सॉलिड अ‍ॅक्सल म्हणजेच जीप" ही समजूत आली कुठून, ते आपल्याकडच्या कोणालाही कळेल. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सलची आणि पाट्यांची (पट्ट्यांच्या स्प्रिंगची) होती. महिंद्राने 1947 पासून तीच जुळवायला घेतली, आणि पुढची पन्नास वर्षं आपण जीप म्हणून जे पाहिलं ते सगळं त्याच घराण्यातलं. धडगाव-मोलगीच्या रस्त्यावर टपापर्यंत माणसं भरून चढणाऱ्या जीपगाड्या पाहिलेल्या माणसाला दुसरं काही पटणार नाही, मलाही पटत नव्हतं. लोखंडाचा एक सलग दांडा, त्याच्या पोटात क्राऊन-पिनियन (इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणारे गिअर), दोन टोकांना दोन चाकं, वर पाटे. तुटला तर गावातला लोहारही वेल्डिंग मारून घरी पोचवील.

त्याचा गुण खरा आहे. एक चाक दगडावर चढलं की दांडा तिरका होतो आणि दुसरं चाक आपोआप खाली दाबलं जातं, म्हणून दोन्ही चाकं जमीन धरून राहतात. मोठ्या गोट्यांत, आडव्यातिडव्या नाल्यात याला तोड नाही. म्हणून जीप रँग्लर अजून पुढे-मागे सॉलिड आहे, मारुती जिम्नीही. पण दुसरी बाजूही पाहा. मर्सिडीजच्या जी-क्लासने 2018 मध्ये पुढचा सॉलिड अ‍ॅक्सल सोडला. नवी डिफेंडर चारही चाकांना इंडिपेंडंट आहे. आपल्याच फोर्स गुरखाने 2021 मध्ये पुढचा सॉलिड अ‍ॅक्सल काढून इंडिपेंडंट घेतलं, आणि पुढचं-मागचं डिफरेन्शियल लॉक (दोन्ही चाकं बांधून एकत्र फिरवणारी सोय) मात्र ठेवलं. हे लोक काही रविवारची हौस म्हणून गाड्या बनवत नाहीत. रस्त्यावरची पकड, स्टिअरिंगचा नेमकेपणा आणि खडबडीत रस्त्यावर वेग ठेवता येणं, यासाठी त्यांनी थोडी चाल सोडली.

आणि एक गंमत सांगू? तुमच्या थारच्या मागे सॉलिड अ‍ॅक्सलच आहे. नटलेली बोलेरो म्हणणाऱ्याला एकदा खाली वाकून दाखवा.

सॉलिड अ‍ॅक्सलने गाडी उंच होते, असं बरेच जण धरून चालतात. बॉडी उंच होते. जमिनीला सगळ्यात आधी लागतो तो क्राऊनचा गोळा, म्हणजे दांड्यावरचा फुगवटा, आणि तो किती उंचीवर आहे हे फक्त टायर ठरवतो. चेसिस घरावर नेऊन ठेवा, गोळा तिथेच राहील. तुमच्या आयएफएसमध्ये पुढचा गोळा चेसिसला वर बांधलेला आहे. केळीच्या बागेकडे जाणारी वाट डोळ्यापुढे आणा: ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल, मधे गवताचा उंचवटा. त्या उंचवट्यावर आज तुमचा पुढचा गोळा अलगद निघून जातो. सॉलिड टाकल्यावर तो नांगराच्या फाळासारखा घासत जाईल. टायर मोठे केले तर? तुमच्या 235/70 आर16 टायरचा व्यास सुमारे 735 मिलिमीटर. 31 इंची टायर म्हणजे 787. फरक 52, आणि गोळ्याखाली मिळतात त्याचे निम्मे, 26 मिलिमीटर. एक इंच. शिवाय स्पीडोमीटर सात टक्के कमी दाखवू लागतो, म्हणजे काटा 60 वर असताना गाडी 64 ने पळते.

पण हे सगळं नंतरचं. आधी सांगा, तुम्ही अडकता कुठे?

मी हे कोणालाही विचारतो तेव्हा उत्तर येतं, "सगळीकडे." सगळीकडे कोणी अडकत नसतं. शंभर पानी वही घ्या, गाडीत ठेवा, आणि प्रत्येक वेळी अडकल्यावर चार शब्द लिहा: जमीन कसली, कोणतं चाक फिरत होतं, कोणतं हवेत होतं, सुटलो कसे. आपल्या खान्देशात अडकण्याच्या जागा तीन जातींच्या, आणि तिन्हींचं औषध वेगळं.

काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि चाकाला असे थर चिकटतात की टायरची नक्षी दिसेनाशी होते. तुम्ही शेतकरी, तुम्हाला काय सांगायचं. बैलगाडीची चाकंही त्यात जड होतात. तिथे पुढे सॉलिड असो की सोन्याचा अ‍ॅक्सल, गुळगुळीत झालेलं चाक जागेवर फिरणारच. तिथे उपयोग मोकळ्या खोल नक्षीच्या टायरचा, आणि त्याहून जास्त दोन दिवस थांबण्याचा.

वाळू. तापी, गिरणा, अनेर, कुठलंही पात्र घ्या. टायरमधली हवा 18 पीएसआयच्या आसपास आणली की टायर पसरतो आणि गाडी तरंगल्यासारखी निघते. छोटा कंप्रेसर सोबत हवा, कारण डांबरावर येण्याआधी हवा परत भरलीच पाहिजे. सस्पेन्शनचा इथे संबंध जवळजवळ नाही.

तिसरी जात गोट्यांची, सातपुड्याच्या नाल्यांतली. सॉलिड अ‍ॅक्सल खरा कामाचा इथेच. वहीच्या वीस नोंदींपैकी पंधरा इथल्या असतील तर तुमच्या प्रश्नात दम आहे. चार असतील तर नाही. (अनेर धरणाभोवतीचा भाग अभयारण्य आहे, हे तुमच्या ग्रुपला माहीत असेलच. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथे परवानगीशिवाय गाडी घालता येत नाही. वनखात्याने गाडी अडकवली तर ती कोणताही अ‍ॅक्सल सोडवत नाही.)

गोट्यांतही नीट बघा, गाडी थांबते का थांबते. बहुतेक वेळा पुढचं एक चाक आणि तिरकं मागचं एक चाक हवेत जातं, आणि तीच दोन फिरत बसतात. हा दोष सस्पेन्शनइतकाच डिफरेन्शियलचा. साधं, उघडं डिफरेन्शियल सोप्या वाटेने जोर पाठवतं, म्हणजे हवेतल्या चाकाकडे. 2015 च्या सुधारित थारमध्ये कंपनीनेच मागच्या अ‍ॅक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल आणलं. तुमची गाडी त्याच्या आदल्या वर्षाची. मला विचाराल तर तुमच्या गाडीत पहिले मोठे पैसे मागच्या लॉकरवर पडावेत. तुमच्या अ‍ॅक्सलला तो बसतो का, हे चेसिस नंबर देऊन पार्टवाल्याकडून आधी लिहून घ्या. तोवर एक जुनी युक्ती: मागचं चाक हवेत फिरायला लागलं की हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढा, बटण दाबून धरा आणि हलकेच अ‍ॅक्सिलरेटर द्या. फिरणाऱ्या चाकाला अडथळा मिळतो आणि जोर दुसऱ्याकडे वळतो. दरवेळी जमत नाही. पण जमतं तेव्हा एमएम 540 वाले तोंडात बोट घालतात.

आता समजा, हे सगळं करूनही सॉलिडच हवा. मग "जुना अ‍ॅक्सल बसवून देतो" या चार शब्दांत काय काय दडलं आहे ते ऐका. इथे मी थोडा लांबेन, कारण इथे मी स्वतः आपटलो आहे.

वीसेक वर्षांपूर्वी माझ्या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल वाकला, म्हणून एका गॅरेजात दुसऱ्या जीपचा बसवून घेतला. दिसायला सेम. रेशो (चाकांच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे) कोणी तपासला नाही, मीही नाही. डांबरावर टू-व्हीलमध्ये गाडी झकास. पुढच्या महिन्यात तोरणमाळ चढताना सुट्ट्या खडीवर फोर-व्हील टाकली, वर पोचलो, आणि लिव्हर निघेना. दोघांनी ओढली तरी नाही. पुढचा अ‍ॅक्सल एका हिशोबाने फिरत होता, मागचा दुसऱ्या. मधल्या दांड्यांना पीळ बसून गिअर आवळले गेले होते. वीस फूट रिव्हर्स घेतल्यावर पीळ सुटला आणि लिव्हर निघाली. त्या दिवशी यशवंत तलाव काही नीट पाहिला नाही मी.

म्हणून पहिली अट रेशोची. समजा पुढे 4.27 आणि मागे 4.88, तर फरक चौदा टक्क्यांचा. अशी गाडी कडक जमिनीवर फोर-व्हीलमध्ये स्वतःलाच खाते. तपासणं सोपं. गिअर न्यूट्रल, गाडी नीट टेकू देऊन एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर पक्कं. प्रोपेलर शाफ्टवर (अ‍ॅक्सलकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्यावर) खडूची रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा. तोच आकडा रेशो. पुढे-मागे दोन्हीकडे मोजा. (पुढे मोजताना फ्री-व्हील हब, म्हणजे चाक शाफ्टपासून मोकळं करणारे हब, असतील तर ते लॉक करायला विसरू नका, नाहीतर शाफ्ट हलणारच नाही आणि तुम्ही मला शिव्या द्याल.) दांडा भंगारात पडलेला असताना मोजलेलं उत्तम.

दुसरी अट गोळ्याच्या बाजूची. ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर वाटणाऱ्या पेटीतून) पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो, अ‍ॅक्सलचा गोळा त्याच बाजूला हवा. नसेल तर शाफ्ट इंजिनाखालून तिरका जाईल, किंवा जाणारच नाही.

तिसरी स्टिअरिंगची, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. आयएफएस गाड्यांत बहुधा रॅक (स्टिअरिंगची दातेरी पट्टी) असतो, चेसिसला घट्ट बांधलेला. सॉलिड अ‍ॅक्सल वर-खाली होतो, कलतो, तेव्हा रॅक चालत नाही. स्टिअरिंग बॉक्स लागतो, ड्रॅग लिंक आणि टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे), आणि कॉइल स्प्रिंग घेतले तर पॅनहार्ड रॉडही (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा). ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड एकमेकांना समांतर नसतील तर प्रत्येक खड्ड्यावर स्टिअरिंग आपोआप वळतं. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) कमी पडला, रॉडचे बुश ढिले राहिले, की साठच्या वेगाला एका खड्ड्यानंतर पुढची चाकं अशी थडथडायला लागतात की गाडी हातात राहत नाही, वेग अगदी कमी होईपर्यंत थांबत नाही. सुरत-नागपूर हायवेवर मागे केळीचा ट्रक असताना हे व्हायला नको. वर्कशॉपवाल्याला विचारा, "कॅस्टर किती डिग्री ठेवणार?" तो हसला, किंवा "ते नंतर बघू" म्हणाला, तर चहा पिऊन उठा.

ब्रेकचंही तसंच. जुन्या जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलला बहुतेक वेळा ड्रम असतात. डिस्कवरून ड्रमवर येणं म्हणजे पुढे जायला मागे चालणं. पात्रातून बाहेर आल्यावर भिजलेले ड्रम किती वेळ धरत नाहीत, ते तुमच्या 540 वाल्या मित्रालाच विचारा, तो खरं सांगेल. ब्रेकचे होजपाइप लांब हवेत, बंप स्टॉप नवे हवेत, शॉकच्या चेअर (बैठका) चेसिसवर नीट बसवलेल्या हव्यात. मागची-पुढची चाकं एका रेषेत धावली पाहिजेत, पुढची रुंदी वेगळी असून चालत नाही. चाकाच्या बोल्टांची वर्तुळं जुळली नाहीत तर स्टेपनी दोन लागतील. 2 लाख 80 हजारांत यातलं काय धरलं आहे? मला वाटतं, दांडा आणि मजुरी. आणि तीन आठवडे? अशा कामाचे तीन आठवडे तीन महिन्यांत संपले तर मी पेढे वाटीन.

ज्यांच्याकडे 2020 नंतरची थार आहे त्यांच्यासाठी एक वाक्य: तुमच्या गाडीत चाकांच्या वेगाचे सेन्सर एबीएसला आणि स्थिरतेच्या यंत्रणेला बांधलेले आहेत, तेव्हा पुढचा अ‍ॅक्सल बदलणं म्हणजे सुरक्षेचा निम्मा मेंदू काढून ठेवणं. करू नका.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, पण हलकं घेऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, आरसीवरचे तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या 182 ए कलमाप्रमाणे बेकायदा बदलाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ग्रुपमधला कोणीतरी म्हणेल, "आरसीवर अ‍ॅक्सल कोणता ते लिहिलेलंच नसतं." बरोबर. पण व्हीलबेस आणि रिकामं वजन नोंदलेलं असतं, आणि दांडा बदलला की दोन्ही हलू शकतात. चौकात हवालदार खाली वाकून बघणार नाही, हेही मान्य. विम्याचा सर्व्हेअर मात्र वाकतो. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं 2029 मध्ये भरतील, तेव्हा नोंदणी वाढवायला ती तपासणीला उभी करावी लागेल. त्या दिवशी तुम्ही वेल्डिंग कुठे लपवणार? जळगावच्या आरटीओत जाऊन आधी लेखी विचारा. उत्तर नको असलेलं मिळेल म्हणून प्रश्नच न विचारणं, हे काही धोरण नव्हे.

वडिलांबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिली, पण ती शेवटाला आणि जरा चिडून. त्यांनी अ‍ॅक्सलवर मत दिलेलं नाही. दर पंधरा दिवसांनी त्यांना तापीचा पूल ओलांडून जळगावला जायचं आहे, आणि ती गाडी दारात हवी आहे. उंच गाडीत चढताना त्यांना कोणाचा तरी हात धरावा लागतो का? तुम्ही लिहिलं नाही, मी विचारतो. आयएफएसवाली, मूळ उंचीची थार ही त्यांच्या गुडघ्यांसाठी आणि कमरेसाठी आजही घरातली त्यातल्या त्यात बरी सोय आहे. तिला पाट्यांवर बसवलं की प्रत्येक स्पीडब्रेकरला तुमची हौस त्यांच्या पाठीत जाईल.

हौस हा शब्द मी वाईट अर्थाने लिहिलेला नाही. सारंगखेड्याच्या बाजारात लोक घोडा घेतात, तो काय नांगराला जुंपायला? हौस असते, ऐपत असते, घेतात. तुम्हीही म्हणा, "मला गोट्यांत खेळायला सॉलिड अ‍ॅक्सलची गाडी हवी आहे." त्यात लाजायचं काही नाही. फक्त तिला दुरुस्तीचं नाव देऊ नका, कारण मग घरातली एकमेव गाडी त्या नावाखाली उघडी पडते.

आणि हौसच असेल तर पैशाचा दुसरा हिशोब मांडा. 2 लाख 80 हजार आणि वरचे न सांगितलेले धरून जी रक्कम होईल, तेवढ्यात कंपनीतूनच सॉलिड अ‍ॅक्सल घेऊन निघालेली जुनी गाडी मिळते का ते पाहा: एमएम 540, मेजर किंवा जिप्सी. तिला काही बदलावं लागत नाही, कागद जसे आहेत तसेच खरे. तुटली तर नाल्याकाठी ठेवून घरी या, सोमवारी थार दारात आहेच. मात्र जुनी जीप घेताना इंजिनाच्या आवाजाआधी कागद ऐका. चेसिसवरचा नंबर पेन्सिलने कागदावर उतरवून आरसीशी ताडा. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी वाढवलेली आहे का, इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आहे का, विमा कोणाच्या नावावर आहे, हे बघा. पाटे, किंग पिन, चेसिसचे सांधे त्यानंतर. एमएच-19 मध्ये कागद मेलेल्या देखण्या जीप मी इतक्या पाहिल्या आहेत की आता रंग चकाकला की मला संशयच येतो.

दोन गाड्या परवडत नसतील आणि एकीनेच दोन्ही कामं करायची असतील, तर थार विकून पाच दारांची जिम्नी हा रस्ता उरतो. जून 2023 पासून ती विक्रीत आहे, पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल, कॉइल स्प्रिंग, वजनाने हलकी. डिझेल नाही, केळीचे घड टाकायला जागा नाही, आणि मित्र तिलाही काहीतरी नाव ठेवतील. पण ती वडिलांना जळगावला नेईल आणि तुम्हाला नाल्यात. माझी स्वतःची पसंती जुनी जीप घेण्याला आहे. मी म्हातारा आहे, मला पाट्यांचा आवाज आवडतो, त्यामुळे त्या मताला तेवढाच भाव द्या.

एवढं वाचूनही अदलाबदलच करायची ठरवलीत तर आगाऊ पैसे देण्याआधी त्या वर्कशॉपकडून एका कागदावर घ्या: दांडा कोणत्या गाडीचा, पुढचा-मागचा रेशो, स्टिअरिंग बॉक्स कोणता, ब्रेक डिस्क की ड्रम, कॅस्टर किती, आणि काम झाल्यावर ताशी 80 ने हायवेवर तो स्वतः चालवून दाखवणार का. त्याने आधी केलेली अशी गाडी असेल तर तिच्या मालकाला भेटा, आणि केल्यावर लगेच कशी चालली ते न विचारता वर्षभरानंतर कशी चालते ते विचारा. जुना पुढचा भाग, रॅक, शाफ्ट, सगळं मोजून परत घ्या आणि गोठ्यात झाकून ठेवा. पुढेमागे गाडी विकायची झाली तर लागेल.

घाई नाही. आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) वही भरा. तेव्हा शेतं मोकळी, नाले कोरडे, आणि तुमच्या नोंदीही पुरेशा झालेल्या असतील. वही मला पाठवा, पान फाडून नको, सगळी. तोवर तो डावा बूट मात्र या आठवड्यात बघून घ्या. फाटलेल्या बुटातून एकदा अनेरची वाळू ग्रीसमध्ये गेली की जॉइंट आतून घासत राहतो, आणि तो तुटायला नालाच लागतो असं नाही, जळगावच्या रस्त्यावरही तुटेल. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट आवाज येतो का, ऐका. येत असेल तर पुढच्या फेरीला वडिलांना दुसऱ्याच्या गाडीतून न्या.